आलेख काय सांगतो आणि काय सांगत नाहीं

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असेल. त्या परीक्षेंत एक विभाग असा असतो कीं, तेथें सूत्रें पाठ असून भागत नाहीं. समोर एखादा आलेख, एखादें कोष्टक किंवा दोनतीन वर्तुळें मांडलेलीं असतात आणि त्यांखालीं चारपांच प्रश्न असतात. या प्रकारास 'डेटा इंटरप्रिटेशन' म्हणतात. आपण त्यास आलेखवाचन म्हणूं.

गेल्या वर्षीं शेजारच्या एका मुलीनें असाच एक सरावाचा प्रश्न माझ्यापुढें ठेवला. दोन वर्तुळांत एका वसतिगृहाचा दोन वर्षांचा खर्च दाखविला होता. पहिल्या वर्षीं भोजनाचा वांटा शेंकडा ४०, दुसऱ्या वर्षीं शेंकडा ३५. भोजनावरील खर्च वाढला कीं घटला, एवढाच प्रश्न. ज्यानें सारा जन्म मुलांना गणित शिकविण्यांत घालविला, त्यास यांत अडण्यासारखें काय होतें? "घटला," असें मीं तत्काळ सांगितलें. मुलगी म्हणाली, "आजोबा, वर्तुळांखालची ओळ वाचलीत का?" त्या ओळींत एकूण खर्च दिला होता : पहिल्या वर्षीं २० लाख रुपये, दुसऱ्या वर्षीं २६ लाख. म्हणजे भोजनखर्च ८ लाखांवरून ९ लाख १० हजारांवर गेला होता. वांटा घटला होता, खर्च वाढला होता.

माझी चूक गुणाकार-भागाकाराची नव्हती. मीं आलेख पाहिला होता, वाचला नव्हता. शाळेंत आम्ही मुलांना चौकटीच्या कागदावर आलेख काढावयास शिकवीत होतों. दुसऱ्यानें काढलेला आलेख कसा वाचावा, हें मात्र मीं कधीं शिकविलें नाहीं. या रुखरुखीनें मीं आलेखांचा इतिहास चाळला, तेव्हां असें दिसून आलें कीं, आजचा परीक्षार्थी ज्या खड्ड्यांत पडतो, ते खड्डे या शास्त्राच्या जन्मापासूनचे आहेत.

या इतिहासाचा आरंभ विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थापासून करावा लागतो. त्याचा जन्म १७५९ सालचा. तरुणपणीं तो बाष्पयंत्राच्या सुधारणेबद्दल प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटच्या हाताखालीं नक्षानवीस होता. १७८६ सालीं त्यानें लंडन येथें 'कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस' नांवाचें पुस्तक काढलें. नांव नकाशासंग्रहाचें, परंतु आंत एकाही देशाचा नकाशा नव्हता. होते ते ४४ आलेख, आणि ते बहुतेक इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे व जमाखर्चाचे. आडव्या अक्षावर वर्षें, उभ्या अक्षावर पौंड, आणि मध्यें वर-खालीं जाणाऱ्या रेषा. व्यापाराचे जे आंकडे तोंवर लांबच लांब रकान्यांत निजून होते, ते त्यानें डोळ्यांसमोर उभे केले.

या ४४ आलेखांपैकीं एकच निराळा होता. स्कॉटलंडचा निरनिराळ्या देशांशीं चाललेला व्यापार त्यानें स्तंभांनीं दाखविला. याचें कारण मोठें बोधप्रद आहे. स्कॉटलंडचे अनेक वर्षांचे आंकडे त्यास मिळाले नाहींत. १७८०-८१ या एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षावरून रेषा कशी काढावी? म्हणून त्यानें देशागणिक स्तंभ उभे केले. आज सर्वत्र दिसणारा स्तंभालेख असा माहितीच्या अभावांतून पुढें आला. परीक्षार्थ्यानें यांतून पहिला धडा घ्यावा : आलेखाचा प्रकार पाहतांच तो काढणाराच्या हातीं काय होतें आणि काय नव्हतें, हें ओळखावें. एका वर्षाच्या स्तंभांवरून व्यापार वाढत होता कीं घटत होता, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. आणि परीक्षक नेमकें तेंच विचारून आपणांस मोहांत पाडतो.

दुसरा धडा त्याच पुस्तकांतील पूर्वेकडील देशांशीं, म्हणजे मुख्यतः आपल्याकडील बाजूशीं, इंग्लंडच्या चाललेल्या व्यापाराच्या आलेखांत आहे. त्यांत दोन वक्ररेषा आहेत, एक आयातीची व एक निर्यातीची. दोहोंमधील अंतर म्हणजे त्या वर्षाची तूट. हा आलेख जवळजवळ दोनशें वर्षें लोक पाहत आले. पुढें १९८४ सालीं विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल या दोघां अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनीं, मनुष्याचा डोळा आलेख कितपत अचूक वाचतो याचें संशोधन प्रसिद्ध केलें, आणि त्यांत हा जुना आलेख पुन्हा तपासला. दोन रेषांमधील फरक वर्षागणिक मोजून निराळा मांडला, तेव्हां १७६० च्या सुमारास तो एकाएकीं उंचावून पुन्हा खालीं आलेला दिसला. मूळ आलेखांत हा चढउतार असूनही डोळ्यांस जाणवत नाहीं. कारण दोन्ही रेषा तेथें एकदम वर चढतात, आणि आपला डोळा उभें अंतर मोजण्याऐवजीं दोन रेषांमधील जवळचें, तिरपें अंतर मोजूं लागतो. म्हणून दोन रेषांची तुलना करावयाची असेल तर नजरेवर विसंबूं नये. एकच वर्ष धरावें, दोन्ही रेषांवरील आंकडे वाचावे आणि मग वजाबाकी करावी.

तिसरा धडा वर्तुळाचा, म्हणजे माझ्या फजितीचा. वर्तुळाचे भाग पाडून वांटे दाखविण्याची रीतही प्लेफेअरचीच. १८०१ सालच्या 'स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी' या पुस्तकांत त्यानें तुर्की साम्राज्याचा विस्तार आशिया, युरोप व आफ्रिका या तीन खंडांत कसा विभागलेला आहे, हें एका वर्तुळांत दाखविलें. वर्तुळ वांटा सांगतें; तो वांटा कशाचा, हें वर्तुळाबाहेर लिहिलेलें असतें. आमच्या वसतिगृहाच्या उदाहरणांत एकूण खर्चाची ओळ छापलीच नसती, तर 'दिलेल्या माहितीवरून सांगतां येत नाहीं' हेंच खरें उत्तर झालें असतें. आणि ओळ असतांना पुढचा प्रश्न येतो : खर्च शेंकडा कितीनें वाढला? वाढ १ लाख १० हजार, पाया ८ लाखांचा. ८ लाखांचा आठवा भाग १ लाख, म्हणजे साडेबारा टक्के; वाढ त्याहून किंचित् अधिक. पर्याय ५, १४, २२ व ३० असे असतील तर १४ वर बोट ठेवावें आणि पुढें जावें. पावणेचौदाचा भागाकार करीत बसण्याचें कारण नाहीं. मात्र पाया ९ लाख १० हजारांचा धरला तर उत्तर बाराच्या आसपास येतें, आणि चतुर परीक्षक १२ हा आंकडाही पर्यायांत घालून ठेवतो.

आतां आलेखांकडून परीक्षेकडे वळूं. अमेरिकेंत महाविद्यालयीन प्रवेशासाठीं 'स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' प्रथम २३ जून १९२६ रोजीं घेतली गेली. सुमारें ८,००० विद्यार्थी तीस बसले. ती सिद्ध करणाऱ्या मंडळाचा प्रमुख प्रिन्स्टन येथील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिघम हा होता. या गृहस्थाची कथा आपल्या विषयाच्या गाभ्याशीं जाऊन भिडते.

पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत सुमारें १७ लाख लोकांच्या बुद्धिमापनाच्या परीक्षा घेण्यांत आल्या होत्या. त्यांच्या आंकड्यांवरून ब्रिघमनें १९२३ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांतील एक कोष्टक परदेशांतून आलेल्या लोकांचें होतें. वीस वर्षांपूर्वीं आलेल्यांचे गुण सर्वांत अधिक, आणि नुकत्याच आलेल्यांचे सर्वांत कमी. ब्रिघमनें अर्थ असा लावला कीं, अलीकडे येणारे लोक जन्मतःच कमी बुद्धीचे आहेत. वास्तविक त्याच आंकड्यांचा दुसरा सरळ अर्थ समोर होता : जो त्या देशांत अधिक वर्षें राहिला, त्यास तेथील भाषा व रीतीभाती अधिक परिचित झाल्या, म्हणून त्या परीक्षेंत त्यास गुण अधिक मिळाले. कोष्टक बुद्धीबद्दल बोलत नव्हतें, वास्तव्याबद्दल बोलत होतें. पुढें १९२४ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशावर कडक निर्बंध घालणारा कायदा केला. तो या एका पुस्तकामुळें झाला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या काळची हवा तीच होती आणि असलें लिखाण त्या हवेस बळ देत होतें. आंकडे चुकीचे वाचले म्हणजे परीक्षेंतला एक गुण जातो, इतकेंच नव्हे. कोणाच्या तरी तोंडावर दार लागूं शकतें.

ब्रिघमच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३० सालीं त्यानें एका शास्त्रीय नियतकालिकांत आपले निष्कर्ष निराधार होते, असें जाहीरपणें कबूल केलें. एवढ्या नांवाच्या माणसानें स्वतःचें पुस्तक स्वतःच खोडून काढावें, असा प्रसंग विद्वानांत क्वचितच येतो.

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशाची स्वतंत्र परीक्षा अमेरिकेंत १९५४ च्या फेब्रुवारींत सुरू झाली; तिलाच १९७६ पासून 'जीमॅट' म्हणतात. आपल्या देशांत १९६१ सालीं कलकत्ता व अहमदाबाद येथें व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्था निघाल्या, आणि अशा संस्थांच्या प्रवेशासाठीं 'कॅट' ही परीक्षा आली. २००९ सालीं ती कागदावरून संगणकावर गेली. २०१५ सालीं तिचे तीन विभाग झाले. त्यांपैकीं एक आलेखवाचन व तर्क यांचा. त्याच वर्षीं पडद्यावर गणनयंत्रही देण्यांत आलें. २०२० पासून या विभागास ४० मिनिटें मिळतात. बरोबर उत्तरास तीन गुण. पर्यायी प्रश्नाचें उत्तर चुकल्यास एक गुण वजा.

गणनयंत्र देण्याचा अर्थ मीं असा लावतों : भागाकार यंत्र करील, कशास कशानें भागावें, हें मात्र तुम्हीच सांगावयाचें. म्हणून विद्यार्थ्यांना माझें सांगणें थोडकेंच आहे. प्रश्न वाचण्यापूर्वीं अर्धें मिनिट आलेखास द्या. मथळा वाचा, दोन्ही अक्षांवरील एकक वाचा, उभा अक्ष शून्यापासून निघतो कीं मधूनच, हें पाहा, आणि तळाची बारीक टीप सोडूं नका. शेंकडा म्हटलें कीं 'कशाचा?' असें स्वतःस विचारा. आणि 'सांगतां येत नाहीं' हा पर्याय दिसला तर त्यास पळवाट समजूं नका. पुष्कळदां तेंच सर्वांत प्रामाणिक उत्तर असतें. १९२३ सालीं ब्रिघमच्या कोष्टकाखालीं तो पर्याय छापलेला नव्हता. तो त्यास सुचावयास सात वर्षें लागलीं.

शेजारची मुलगी आतां कधींमधीं नवे आलेख घेऊन येते. मीं अगोदर चष्मा पुसतों आणि वर्तुळाखालची ओळ वाचतों. उत्तर द्यावयास मला पूर्वींपेक्षां वेळ लागतो. पण तें पुन्हा मागें घ्यावें लागत नाहीं.