९ मे २००९ : गँगाँने फ्रेंच चषक जिंकला

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या गँगाँची वस्ती सात हजारांच्या आसपास. तिथलं फुटबॉल मैदान मात्र अठरा हजार प्रेक्षकांचं! १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या गावच्या क्लबने ९ मे २००९ रोजी फ्रेंच चषक पटकावला. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. त्या श्रेणीतून हा मान याआधी फक्त ल हाव्रला, तोही १९५९ मध्ये, मिळाला होता. पॅरिसजवळ झालेल्या अंतिम सामन्यात समोर ब्रिटनीतलाच बलाढ्य रेन संघ. ६९व्या मिनिटाला रेनने गोल केला, पण गँगाँच्या ब्राझिलियन एदुआर्दोने दोन गोल मारून बाजी उलटवली. २०१४ मध्ये गँगाँने पुन्हा चषक जिंकला, आणि हरला पुन्हा बिचारा रेनच!