घर कसे दिसते आणि घरातून काय दिसते

आमच्या सोसायटीच्या फलकावर मध्यंतरी एक सूचना लागली. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या सर्वांनी एकाच नमुन्याच्या बसवाव्यात, सज्जात कपडे वाळत घालू नयेत, बाहेरच्या भिंतीचा रंग कोणीही परस्पर बदलू नये. कारण एकच दिलेले : इमारतीचे रूप बिघडते. सूचना वाचून आम्हाला आमच्या जुन्या मोहल्ल्यातले एक वृद्ध गवंडी आठवले. माडीवर खिडकी काढायची झाली की ते आधी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उभे राहत आणि तिथून वर पाहत. खिडकी कुठे शोभेल हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. खिडकीतून कुणाचे अंगण दिसेल, हा पहिला.

ही त्या गवंड्याची लहर नव्हती. तिच्यामागे तेरा शतकांचा इतिहास आहे आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

इजिप्तमध्ये फुस्तात हे शहर नुकतेच वसले होते, तेव्हाची एक रिवायत आहे. खारिजा बिन हुजाफा यांनी घरावर माडी चढवली. शेजाऱ्यांची घरे त्यातून दिसतील अशी तक्रार मदीनेपर्यंत गेली. हजरत उमर यांनी सुभेदार अम्र बिन अल-आस यांना कळवले, की खिडकीखाली एक खाट ठेवा आणि तिच्यावर मध्यम उंचीचा माणूस उभा करा. त्याला शेजारचे दिसले तर खिडकी बुजवा, न दिसल्यास राहू द्या. माडी पाडा असा हुकूम झाला नाही. आधी मोजा, मग ठरवा, एवढाच निवाडा.

पुढे याच रीतीने मगरिबच्या शहरांत बांधकामाचे एक शास्त्रच उभे राहिले. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ट्यूनिस शहरात इब्न अर-रामी नावाचा एक गवंडी होऊन गेला. घरांचे तंटे काजीकडे आले, की जागेवर जाऊन पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे असे. आयुष्यभराच्या या अनुभवावर त्याने बांधकामाच्या नियमांचा ग्रंथ लिहिला. फिकहचे निवाडे आणि हाताने वीट रचणाऱ्याचा अनुभव असा दुर्मिळ संगम त्यात आहे. पिठाच्या चक्कीमुळे शेजाऱ्याची भिंत हादरते की नाही हे ठरवण्याची त्यातली युक्ती पाहा : छताला दोऱ्यांनी कागद टांगावा, त्यावर सुके धणे ठेवावेत आणि चक्की फिरवावी. धणे हलले तर तक्रार खरी!

घराच्या दर्शनी भागाचे नियमही याच वळणाचे. बंद गल्लीत नवा दरवाजा काढायचा तर गल्लीतल्या इतरांची संमती हवी. दरवाजा समोरच्या दरवाजाला भिडू नये, थोडा सरकवून काढावा. म्हणजे एका घरचे दार उघडल्यावर दुसऱ्या घरचा चौक दिसणार नाही. रस्त्यावर छज्जा किंवा खोली पुढे काढली, तर तिच्याखालून घोडेस्वार विनाअडथळा गेला पाहिजे. रस्त्याच्या रुंदीवरून तंटा झाला तर सात हात रुंदी धरावी, अशी हदीस आहे. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई टेकवू द्यावी, अशीही आहे. या साऱ्यांच्या मुळाशी पैगंबरसाहेबांचे एक छोटे वचन आहे : नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यातही नुकसान करू नये.

ट्यूनिसच्या जुन्या शहराचा युनेस्कोने 1979 साली जागतिक वारसा यादीत समावेश केला. तिथल्या कोऱ्या भिंती, नजरेच्या वर गेलेल्या खिडक्या, एकमेकांना चुकवून बसलेले खिळेजडित दरवाजे यांचे पर्यटकांना कौतुक वाटते. पण हे रूप कोणी नमुना ठरवून आणलेले नाही. शेकडो शेजाऱ्यांच्या शेकडो तक्रारी मिटवता मिटवता गल्लीला तो चेहरा आला.

याच ट्यूनिसजवळ, समुद्राकाठच्या टेकडीवर सिदी बू सईद हे गाव आहे. पांढऱ्या भिंती, निळी दारे, निळ्या जाळ्या. फ्रेंच अंमल असताना बॅरन रोडॉल्फ द एर्लांजे हा चित्रकार आणि अरबी संगीताचा अभ्यासक तिथे स्थायिक झाला. गावाचे रूप टिकावे असा त्याचा आग्रह होता. 1915 साली तसा हुकूम निघाला आणि गावाला निळ्या-पांढऱ्या रंगाचे बंधन आले. गाव वाचले, हे मान्यच करायला हवे. पण नियमाची दिशा बदलली. इब्न अर-रामीचा नियम शेजाऱ्यासाठी होता, 1915 चा नियम पाहायला येणाऱ्यासाठी. पहिल्यात घरातून काय दिसते याला महत्त्व होते, दुसऱ्यात घर कसे दिसते याला.

इथे थांबलो तर आम्ही आपल्याच पूर्वजांची आरती ओवाळल्यासारखे होईल. म्हणून नाण्याची दुसरी बाजूही मांडतो.

उस्मानी साम्राज्यात घराची उंची आणि रंग यांवरही नियम होते. बिगरमुस्लिमांची घरे मुसलमानांच्या घरांपेक्षा बुटकी असावीत, त्यांचे रंग काळपट असावेत, भडक रंग मुसलमानांनी वापरावेत, अशी फर्माने निघत. ती पुन्हा पुन्हा काढावी लागत, यावरूनच लोक ती कितपत पाळत हे कळते. या नियमात कोणाच्या अंगणाचे रक्षण होते? कोणाचेच नाही. भिंतीच्या रंगावरून माणसाची पायरी ओळखता यावी, एवढाच त्याचा हेतू. 1839 आणि 1856 च्या सुधारणा-फर्मानांनी सर्व प्रजाजनांच्या समानतेचे तत्त्व जाहीर केले आणि अशा भेदभावाचा पायाच काढून घेतला.

शेजारधर्माच्या नियमांनाही एक काळी किनार आहेच. 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या उस्मानी दिवाणी संहितेत घराचा चौक, स्वयंपाकघर आणि विहिरीचा काठ या स्त्रियांच्या वावराच्या जागा मानल्या आहेत. त्या दिसणे म्हणजे मोठी हानी. खिडकीवाल्याने आडोसा उभारावा, खिडकी पूर्ण बुजवण्याची सक्ती नको, असा समंजस तोडगाही त्यात आहे. पण चौकातल्या बाईला बाहेरचे काय दिसावे, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. जी भिंत तिचे रक्षण करत होती तिनेच तिला कोंडूनही ठेवले.

मुंबईत 1995 साली वारसा वास्तूंसाठी नियमावली आली. आपल्या देशातला तो पहिला प्रयत्न. जुन्या दर्शनी भागांची मोडतोड त्यामुळे काही प्रमाणात थांबली. असे नियम हवेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. नियमांवाचून गल्ली चालत नाही. पण कोणताही नियम हाती आला की आम्ही दोन प्रश्न विचारतो. यामुळे कोणाची हानी टळते? आणि भिंतीचे नाव घेऊन हा नियम माणसे तर निवडत नाही ना? एकाच नमुन्याची जाळी, एकच रंग, इथवर ठीक. पण दारावरची पाटी कोणत्या नावाची असावी, हेही ‘इमारतीच्या रूपात’ मोजले जाऊ लागते, तेव्हा ते उस्मानी फर्मान वेगळ्या लिपीत परत आलेले असते. भाड्याने घर शोधत फिरलेल्या आमच्या वाचकांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

सोसायटीच्या पुढच्या सभेत आम्ही जाळ्यांच्या नमुन्याला हात वर केला. कपडे वाळत घालण्याच्या बंदीला मात्र विरोध केला. कोणाच्या ओल्या साडीने कोणाचे काय नुकसान होते, ते मोजून दाखवा म्हणालो. सभा हसली. पण सूचनेतले ते वाक्य खोडले गेले.