गेलेली पाळी परत येत नाही

आजचा भाग माझ्या चंद्रपूरच्या मावशीच्या एका वाक्यापासून सुरू करते. "पाळी परत सुरू झाली वाटते," ती आईला म्हणाली. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि अंगावरून जात होतं पाच महिन्यांपासून. पाच महिने ती कुणाला बोलली नव्हती.

हे गप्प बसणं आपल्याच भागात मोजलं गेलंय. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापून आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी आणि उपचार झाले होते फक्त ८ टक्के बायकांचे. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जायचं.

तो अभ्यास कॅन्सरचा नव्हता. मावशीला झाला तो गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, आणि त्याचा वजनाशी संबंध आहे हे मला तेव्हाच कळलं.

पाळी गेली की अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळपास थांबवतात. पण चरबी थांबत नाही. अॅड्रेनल ग्रंथीतून येणाऱ्या हार्मोनचं ती इस्ट्रोजेन करत राहते. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेन जास्त. पाळी असताना प्रोजेस्टेरॉन अस्तराला आवर घालतं, नंतर ते नसतं. मग अस्तर वाढत राहतं आणि एखादी पेशी बिघडायची शक्यताही वाढते. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासांत दिसलं, की पाळी गेल्यावर नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा कॅन्सर कितीतरी जास्त होता. म्हणजे गोळीतून येवो की चरबीतून, मामला तोच. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनंही वजनाचा संबंध मान्य केला.

आता दोन गोष्टी नीट ऐका. वजन जास्त म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, आणि बारीक बाईलाही तो होऊ शकतो. पाळी गेल्यानंतरचं रक्त बहुतेक वेळा कॅन्सरचं नसतं. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

मावशीचा लवकर सापडला. पिशवी काढली, आता बरी आहे. पाच महिन्यांचं विचारलं तर म्हणते, "असं कोणाले सांगाव बाई?"

आज घरी फोन कराल तेव्हा जेवणासोबत हेही विचारा.