कोकणातील जुन्या घराची दुरुस्ती

कोकण किनारपट्टीवर वर्षाकाठी साधारणतः २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. येथील जुने कौलारू घर हा पाऊस आणि उरलेल्या काळातील दमट उष्मा यांना अनुसरून बांधलेले असते. परदेशातून वडिलोपार्जित घराची दुरुस्ती करवून घेताना ही रचना प्रथम समजून घेणे आवश्यक ठरते.

भिंती : जांभा दगड खाणीत मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने ओल शोषतो आणि पाऊस ओसरल्यावर ती बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा या क्रियेस आडकाठी करीत नाही. सिमेंटचा गिलावा व प्लास्टिक रंग मात्र ओल आत कोंडतात. परिणामी पोपडे सुटतात, भिंतीत बसवलेली तुळयांची टोके कुजतात आणि वाळवीचे फावते. अशा भिंतीस पुन्हा चुन्याचाच गिलावा करणे हितावह.

छप्पर : मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे काढला, पुढे ही कौले कोकणातही रूढ झाली. उतरत्या पाख्यांवरून पाणी वेगाने ओघळते आणि कौलांच्या सांध्यांतून गरम हवा बाहेर पडते. गळतीला कंटाळून घातलेला स्लॅब दिवसभराचे ऊन साठवून रात्री खोलीत सोडतो. शिवाय त्याचा भार जुन्या भिंतींना पेलेलच असे नाही. बहुधा फुटकी कौले आणि कुजलेले वासे व रिपा बदलल्याने काम भागते. उकाडा कमी करण्यासाठी कौलांखाली फळ्यांचे छत घालून माळ्याला झरोके ठेवावेत.

जोते आणि नव्या सोयी : पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणारे गटार हवे. जोत्यालगत सर्वत्र काँक्रीट ओतल्यास जमिनीतील ओल भिंतीत चढते. नवे स्नानगृह मागील पडवीच्या बाजूस स्वतंत्र भिंतींत बांधावे आणि नळ उघडे ठेवावेत, म्हणजे गळती त्वरित दिसते.

काम दिवाळीनंतर सुरू करून छप्पर वळवाच्या सरींपूर्वी पूर्ण करावे. मालक दूर असल्यास दरवर्षी पावसाआधी कौले चाळण्याची आणि अधूनमधून दारे-खिडक्या उघडण्याची जबाबदारी गावातील माणसावर मोबदला देऊन सोपवावी. बंद घरात ओल सुकत नाही आणि एका सरकलेल्या कौलाखालील वासा दोन-तीन पावसाळ्यांतच निकामी होऊ शकतो.