२८ जिंकले, १ हरले : टेक्सास वेस्टर्नच्या पोरांचा १९६५-६६ चा हंगाम

तालुक्याच्या कॉलेजात बास्केटबॉलचे खांब उभे असतात, पण गर्दी कबड्डी आणि क्रिकेटलाच. अमेरिकेत मात्र कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे मोठी गोष्ट. तिथल्या एका साध्या कॉलेजच्या संघाने १९६५-६६ च्या हंगामात जे केलं, ते ६० वर्षांनीही सांगितलं जातं. त्याची ही माहिती.

कॉलेज कुठलं?

टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून एल पासो नावाचं शहर आहे. तिथलं हे टेक्सास वेस्टर्न कॉलेज. १९६७ मध्ये नाव बदलून ते एल पासोचं टेक्सास विद्यापीठ झालं. खेळात त्याचं फार मोठं नाव नव्हतं.

प्रशिक्षक होते डॉन हॅस्किन्स. आधी टेक्सासमधल्या छोट्या गावांच्या हायस्कूलमध्ये पोरापोरींना शिकवलेला माणूस. १९६१ मध्ये ते या कॉलेजात आले. सराव एवढा कडक घ्यायचे की पोरं मेटाकुटीला यायची. त्यांचा सगळा भर बचावावर असायचा.

तेव्हाची परिस्थिती

अमेरिकेत काळ्या लोकांना वेगळं ठेवण्याची पद्धत होती. वेगळ्या शाळा, वेगळी हॉटेलं, बसमध्ये मागची जागा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हे बंद केलं, पण कायदा झाला म्हणून माणसाचं मन लगेच बदलत नाही. दक्षिणेतल्या कितीतरी मोठ्या कॉलेजांच्या संघात १९६६ मध्येही एकसुद्धा काळा खेळाडू नव्हता. जिथे होते, तिथेही सुरुवातीच्या पाचांत काळे जास्त होऊ नयेत, असा न लिहिलेला नियम पाळला जायचा.

टेक्सास वेस्टर्नने १९५६ पासूनच काळे खेळाडू घेतले होते. १९६५-६६ च्या संघात १२ जण होते, त्यातले ७ काळे. बॉबी जो हिल डेट्रॉईटच्या बाजूचा, डेव्हिड लॅटिन ह्यूस्टनचा, हॅरी फ्लोरनॉय आणि ऑर्स्टन आर्टिस गॅरी या कारखान्यांच्या शहरातले. विली वर्सली, नेव्हिल शेड आणि विली केगर हे तिघे न्यूयॉर्कचे.

हंगाम कसा गेला?

पहिले २३ सामने ओळीने जिंकले. मग राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर सिएटलने ७४-७२ असं, फक्त २ गुणांनी हरवलं. हंगामातला हा एकच पराभव.

स्पर्धेत पहिल्यांदा ओक्लाहोमा सिटीला ८९-७४ ने हरवलं. सिनसिनाटीविरुद्ध जादा वेळ खेळावा लागला, तिथे ७८-७६ ने सुटले. कॅन्सासविरुद्ध तर दोनदा जादा वेळ झाला. पहिल्या जादा वेळेच्या शेवटी कॅन्सासच्या जो जो व्हाइटने मारलेला चेंडू बास्केटात गेला, पण त्याचा पाय रेषेवर पडला होता असं पंचाने सांगितलं. बास्केट रद्द झाली. पुढे टेक्सास वेस्टर्नने सामना ८१-८० असा एका गुणाने जिंकला. उपांत्य सामन्यात युटावर ८५-७८ ने मात केली.

अंतिम सामना

१९ मार्च १९६६. मेरीलँड राज्यातलं कोल फील्ड हाऊस. समोर केंटकी, देशात पहिल्या क्रमांकाचा संघ. त्यांचे प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांनी आधीच ४ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. केंटकीचे सगळे खेळाडू गोरे. हॅस्किन्स यांनी सुरुवातीला उतरवलेले पाचही काळे. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

सुरुवातीलाच लॅटिनने चेंडू जोरात वरून बास्केटात कोंबला. नंतर हिलने केंटकीच्या खेळाडूंच्या हातातला चेंडू लागोपाठ दोनदा हिसकावला आणि दोन्ही वेळा बास्केट केली. तिथून केंटकीला पुढे जाताच आलं नाही. ७२-६५ असा निकाल लागला. हिलचे एकट्याचे २० गुण.

आकडे बघा. केंटकीने २७ बास्केट केल्या, टेक्सास वेस्टर्नने २२ च. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती, प्रत्येक बास्केटला २ गुण. मग जिंकले कसे? समोरच्याने फाउल केला की फ्री थ्रो मिळतो, त्याला १ गुण. टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८ फ्री थ्रो टाकले, केंटकीने १३ पैकी ११. काळी पोरं शिस्तीने खेळत नाहीत, दडपणाखाली मोडतात, असं तेव्हा उघड बोललं जायचं. त्याला हे २८ फ्री थ्रो हेच उत्तर होतं.

पुढे काय झालं?

हॅस्किन्स यांना द्वेषाने भरलेली ढीगभर पत्रं आली. आपण इतिहास घडवायला नव्हे, तर चांगले खेळणारे उतरवायला गेलो होतो, असं ते कायम सांगत राहिले. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतल्या कॉलेजांनी एकेक करून दारं उघडली. केंटकीनेही १९६९ मध्ये आपला पहिला काळा खेळाडू घेतला.

२००६ मध्ये या संघावर 'ग्लोरी रोड' सिनेमा आला. त्यात हॅस्किन्स पहिल्याच वर्षी जिंकतात असं दाखवलंय. खरं तर त्यांचा तो पाचवा हंगाम होता. पाच काळे उतरवणंही फक्त अंतिम सामन्यापुरतं नव्हतं, त्या हंगामात आधीही ते तसे खेळले होते. २००७ मध्ये अख्ख्या संघाला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. हिल मात्र २००२ मध्येच गेला होता. हॅस्किन्स २००८ मध्ये गेले.

गावचा संघ निवडताना कोण कुणाचा, कुठल्या आळीचा, हे आपल्याकडेही बघितलं जातं. हॅस्किन्स यांनी फक्त खेळ बघितला, आणि हिशेब २८ विरुद्ध १ असा लागला.