कॅरिअर नसलेली सायकल

भिलाईत एकाने जुनी सेन-रॅले नव्याने सजवून विकायला काढली आहे. घ्यावी का, हे ठरत नाही.

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. यंत्रे रशियन, पण कामगार पाळीला जात ते इंग्रजी घडणीच्या सायकलवर: 28 इंची चाके, सळयांचे ब्रेक, आडवी दांडी. नॉटिंगहॅमच्या रॅलेची ही घडण आसनसोलच्या सेन-रॅलेने देशी केली. एका अर्थी भाषांतरच ते, आणि चांगले वठलेले. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर दळणाचा डबा असे, नाहीतर मी.

या सायकलचे चेनकव्हर आणि कॅरिअर काढलेले आहे. रंग सायीसारखा, खोगीर कातडी. रूपांतराला माझी हरकत नाही, त्यावरच पोट आहे. पण पुढे ‘नॉटिंगहॅम’ असा नवा बिल्ला ठोकलाय, आणि किंमत त्याचीच आहे. आसनसोल पुसलेच की!

कॅरिअर माळ्यावर पडलेय म्हणाले. बिल्ला काढून ते बसवून दिलेत तर घेते, असे सांगून आले आहे.