प्रार्थनागीते, वर्धा जिल्ह्यातील

सेवाग्राम, पवनार व भोवतालच्या गावांत सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी म्हटली जाणारी भजने, धून आणि श्लोक. ‘आश्रम भजनावली’ या प्रार्थनेच्या संग्रहात गीते पुष्कळ आहेत. रोजच्या तोंडी बसलेली मात्र मोजकी. ही निवड काव्यगुणावर क्वचितच झालेली दिसते.

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले, तेव्हा प्रार्थनेचा क्रम साबरमतीहून तयार होऊनच आला होता. तिथली ‘आश्रम भजनावली’ विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी सिद्ध केली होती. प्रार्थनेचे काही भाग ठरलेले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे १९ श्लोक आणि विनोबा भावे यांनी पद्यात बांधलेली एकादश व्रते हे त्यांतले प्रमुख. भजन मात्र बदलते. ठरलेला भाग पाठ होतो तो रोज कानावर पडतो म्हणून. भजनाला आपली जागा मिळवावी लागते.

‘रघुपति राघव’ ही धून इतकी पसरली, त्याचे मुख्य कारण तिची बांधणी. चाल पलुस्करांची मानली जाते. १९३० च्या दांडीयात्रेत खरे स्वतः सामील होते आणि चालता चालता गाणी गायली जात. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी झेलायचे. ओळी आखूड, आठ मात्रांचा ठेका, दम लागत नाही. सूर न लागणाऱ्यालाही टाळी धरता येते. कसलेला वादक त्याच ठेक्यात हवी तेवढी करामत करतो. जपानमध्ये २००१ साली आलेल्या ‘ताइको नो तात्सुजिन’ या ढोल वाजवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये हीच सोय मुद्दाम केलेली आहे : गाणे एकच, पण नवख्यासाठी ठोके विरळ, तरबेजासाठी दाट. घरातले पोर आणि मुरलेला खेळाडू दोघेही ते गाणे निवडू शकतात.

गावांत सगळ्यांना गाण्यात ओढण्याचे हे काम खंजिरीने केले. खंजिरीवर भजने म्हणणारे संत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला राहून गेले. त्यांचा गुरुकुंज आश्रम शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोझरीला. पण त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे ही भजने वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांत पोचली. खंजिरी हलकी, कुठेही नेता येते, आणि ती शिकायला उस्ताद लागत नाही. शिवाय भजनाची भाषा ऐकणाऱ्यांच्या बोलण्याजवळची. ग्रामसफाई आणि व्यसनमुक्ती हे विषय एरवी रुक्षच. ते ठेक्यावर बसले म्हणून गायले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

विनोबांच्या ‘गीताई’चा (लेखन १९३०–३१) प्रसार वेगळ्या वाटेने झाला. तिथे ताल जवळजवळ नाहीच. मराठी अनुष्टुभाची संथ लय आणि शाळेतले पाठांतर यांवर ती टिकली.

‘वैष्णव जन तो’ हा मात्र अपवाद. नरसी मेहतांचे हे पद गुजराती, कडवी लांब, चाल खमाजाच्या वळणाची. समूहाला सोपे नव्हे. गांधीजींच्या आवडीचे, एवढ्या एका गोष्टीवर ते तरले, आणि आता २ ऑक्टोबर व ३० जानेवारीचे कार्यक्रम त्याच्याशिवाय होत नाहीत. भजनावलीतली रागदारी अंगाची इतर पदे जाणता गायक असेल त्या दिवशी निघतात.